मेजर कँडी आणि धाकट्याचे डिक्टेशन

गेल्या मे महिन्यात सुट्टीवर गेलो तेव्हा गोवा एक्स्प्रेसमधून निजामुद्दीनला उतरलो आणि मेट्रोने गुरुग्रामला घरी पोहोचलो. बाबा फौजेतून निवृत्त झाल्यापासून आमचे घर तिथे आहे. घरात मराठी, सोसायटीच्या आवारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांत माझा धाकटा भाऊ वाढतो आहे. तो दुसरीत आहे. दर सोमवारी त्यांच्या वर्गात इंग्रजी शब्दांचे डिक्टेशन असते. बाई दहा शब्द सांगतात, मुलांनी ते लिहायचे. मी घरी आलो त्या आठवड्यात धाकट्याला दहापैकी तीन मिळाले होते.

मी अकरावीतला कॅडेट. सहा वर्षे उस्तादांच्या हाताखाली काढलेली. मला वाटले, तीनाचे दहा करणे म्हणजे आठ दिवसांचे काम आहे. मी आईला सांगून टाकले की हा विभाग आता माझ्याकडे. सकाळी साडेसहाला धाकटा वही-पेन्सिल घेऊन फॉल-इन. चुकलेला प्रत्येक शब्द वीस वेळा लिहायचा. पुन्हा चुकला तर गच्चीला पाच फेऱ्या. पहिले दोन दिवस त्याला मजा वाटली, कारण दादा घरी आल्याचा आनंद होता. तिसऱ्या दिवशी तो फेऱ्या मारताना माझ्याकडे बघेनासा झाला. चौथ्या दिवशी वही सापडेना. सोमवारी सकाळी त्याच्या पोटात दुखू लागले आणि तो शाळेत गेलाच नाही.

वही मला दुपारी सापडली. कूलरच्या स्टँडखाली, भिंतीला टेकवून ठेवलेली. उघडून पाहिली तर पानापानावर खोडरबराने घासून भोके पडली होती. एकच शब्द वीस वेळा लिहिताना बाराव्या-तेराव्या वेळेपासून तो पुन्हा चुकीचा होत गेला होता. माझ्या लक्षात आले की मी त्याला स्पेलिंग शिकवत नव्हतो, स्पेलिंगची भीती शिकवत होतो. आणि ही भीती दुसरीत बसली तर ती बारावीपर्यंत सोबत येते, हे माझ्याच बॅचमधल्या काही मित्रांकडे पाहून मला माहीत होते.

वही मी आजोबांना दाखवली. आजोबा सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी चष्मा लावला आणि लाल खुणा सोडून शब्द वाचू लागले. धाकट्याने स्कूल हा शब्द एस-के-यू-एल असा लिहिला होता. नाइफ म्हणजे एन-आय-एफ. इनफ म्हणजे आय-एन-ए-एफ. आजोबा खुशीत आले. ते म्हणाले की पोराचा कान एकदम तयार आहे. जे ऐकले ते त्याने तसेच लिहिले. आपल्या बाराखडीने त्याला तीच सवय लावली आहे, की उच्चार जसा तसे अक्षर. इंग्रजीत तो नियम पूर्ण चालत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही. मग ते उठले आणि कपाटातून त्यांचा जुना, विटेसारखा जाड मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घेऊन आले. पुण्यात १९७५ साली त्याचे पुनर्मुद्रण झाले होते, त्यातली ही प्रत. त्यांनी शीर्षकपानावरच्या तीन नावांवर बोट ठेवले. मोल्सवर्थ, जॉर्ज कँडी आणि थॉमस कँडी. या तिघांचा पेशा काय असेल, असे त्यांनी मला विचारले. मी प्राध्यापक म्हणालो. आजोबा हसले. तिघेही फौजी होते.

त्या दिवसापासून थॉमस कँडी या माणसाने माझी सुट्टी व्यापली. जे आजोबांकडून कळले आणि नंतर शाळेत परतल्यावर ग्रंथालयात वाचले, ते इथे सांगतो.

थॉमस कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडमधल्या ईस्ट नॉइल या गावी झाला. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. थॉमस यांचे शिक्षण ऑक्सफर्डला झाले आणि १८२२ साली, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत हिंदुस्थानात आले. आपल्यापैकी बारावीतले कॅडेट आज ज्या वयाचे आहेत, तेच हे वय. पेशवाई बुडून चारच वर्षे झाली होती. मराठी मुलूख कंपनीच्या ताब्यात आला होता, पण तिथल्या रयतेची भाषा नव्या राज्यकर्त्यांना येत नव्हती. पलटणीत, कचेरीत, बाजारात सगळीकडे दुभाष्याची गरज होती. देशी भाषा शिकून परीक्षा देणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना पलटणीत दुभाष्याचे काम मिळत असे. कँडी यांनी ही वाट धरली आणि ते लष्करात दुभाषी झाले.

ज्याला ळ आणि ण म्हणता येत नाही, ज्याच्या भाषेत ऱ्हस्व-दीर्घाचे वेगळे अक्षरच नाही, अशा मुलाने मराठी लिहायला घेतली तर काय होत असेल याचा मी विचार करू लागलो. धाकट्याला इंग्रजी जशी वाटते तशीच त्याला मराठी वाटली असणार, फक्त दिशा उलटी. इंग्रजीत लिहितात एक आणि बोलतात दुसरे, याची त्याला सवय. इकडे अक्षर न अक्षर उच्चारायचे. शिवाय समोर छापलेली पाठ्यपुस्तके फारशी नव्हती. रोजचा मराठी व्यवहार मोडीत चालायचा. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरे जोडत जायचे. शब्द कुठे संपला आणि वाक्य कुठे संपले हे वाचणाऱ्याने ओळखायचे.

त्या काळात कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ या अधिकाऱ्याने मराठी शब्द गोळा करायला सुरुवात केली होती. सरकारने मराठी-इंग्रजी कोशाचे काम त्यांच्याकडे सोपवले तेव्हा कँडी बंधू त्यांचे मदतनीस झाले. सोबत मराठी जाणणारे शास्त्रीपंडित होते. काम असे की शब्द गोळा करायचे, प्रत्येक शब्द कुठे चालतो, कसा लिहितात, त्याचे अर्थ किती, हे पंडितांकडून पडताळायचे आणि मग तो पक्का करायचा. शब्द फक्त पोथ्यांतले नव्हते. शेतातले, स्वयंपाकघरातले, बाजारातले, शिव्याशापांतलेसुद्धा होते. १८३१ साली हा कोश छापून निघाला. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते. १८५७ साली मोल्सवर्थ यांनी दुसरी आवृत्ती काढली तेव्हा ती संख्या साठ हजारांच्या घरात गेली. आजही मराठी शब्दाचा जुना अर्थ शोधायचा झाला तर अभ्यासक याच कोशाकडे जातात.

मग उलट्या बाजूचे काम निघाले. मराठी माणसाला इंग्रजी शब्द अडला तर त्याने कुठे पाहायचे? इंग्रजी-मराठी कोशाची सुरुवात मोल्सवर्थ यांनीच केली होती, पण प्रकृती बिघडल्यामुळे १८३६ साली त्यांना मायदेशी परतावे लागले. पुढची सगळी जबाबदारी थॉमस कँडी यांच्यावर आली. मोल्सवर्थ गेल्यापासून कोश छापून येईपर्यंत अकरा वर्षे गेली. १८४७ साली तो मुंबईत प्रसिद्ध झाला. ए पासून झेडपर्यंत एकेका इंग्रजी शब्दासमोर मराठी अर्थ. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला शब्दाचे बरोबर स्पेलिंग आणि त्याचा मराठी अर्थ एकाच ओळीत देणारा एवढा मोठा आधार त्यामुळे मिळाला. अकरा वर्षे हा आकडा ऐकून मी गप्प झालो. मी धाकट्याला आठ दिवस दिले होते.

या अकरा वर्षांत कँडी फक्त कोशच करत नव्हते. पुण्यात विश्रामबाग वाड्यात १८२१ साली सुरू झालेली संस्कृत पाठशाळा होती. तिची देखरेख त्यांच्याकडे आली. पुढे १८५१ साली ही पाठशाळा आणि पुण्यातली सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज उभे राहिले, त्याचे कँडी हे प्राचार्य झाले. त्याच कॉलेजाचे पुढे डेक्कन कॉलेज झाले. तलवार बांधून आलेला माणूस आता शाळा पाहू लागला होता. हुद्दा मात्र कायम राहिला. मराठी माणसे त्यांना मेजर कँडी म्हणूनच ओळखतात.

शाळा पाहताना मुलांची अडचण त्यांच्या समोर येत राहिली असणार. सरकारी शाळांसाठी मराठी पुस्तके नव्याने तयार होत होती. एक लेखक एक शब्द एका तऱ्हेने लिही, दुसरा दुसऱ्या तऱ्हेने. मुलाने कोणते खरे मानायचे? पाठ्यपुस्तके तपासण्याचे आणि सुधारण्याचे काम कँडी यांच्याकडे आले, आणि एक शब्द सगळीकडे एकाच तऱ्हेने छापला जावा असा आग्रह त्या पुस्तकांतून रुजत गेला. लहान मुलाला शुद्धलेखन शिकवायचे तर मोठ्यांनी आधी आपसात एकमत करावे लागते, ही गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली.

१८५० साली त्यांनी विरामचिन्हांची परिभाषा हे छोटे पुस्तक काढले. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही चिन्हे मराठीत कुठे आणि कशासाठी वापरायची ते त्यात सांगितले आहे. त्याआधी मराठी लेखनात दंडापलीकडे फारसे काही नव्हते. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय म्हणूनच मेजर कँडी यांना दिले जाते. परेड ग्राउंडवर उभे राहणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. हुकूम देताना सूचनेचा शब्द आणि अमलाचा शब्द यांच्यामध्ये जी थांबण्याची जागा असते, ती चुकली की सगळी तुकडी चुकते. कँडी यांनी मराठी वाक्याला ती थांबण्याची जागा दाखवून दिली.

त्यांच्या कामाला दुसरी बाजूही आहे आणि आजोबांनी ती लपवली नाही. त्यांनी तपासलेल्या पुस्तकांतली मराठी पुष्कळदा इंग्रजीच्या साच्यातून काढल्यासारखी ताठ असे. १८७४ साली निबंधमाला सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पिढीला आपली भाषा आपल्याच वळणाने लिहायची होती, आणि साहेबाने बेतून दिलेली मराठी तिला मानवणारी नव्हती. हे काम परक्या राज्याच्या सोयीसाठी सुरू झाले, हेही खरेच. पण चिपळूणकरांच्या पिढीनेसुद्धा आपली बाजू मांडताना स्वल्पविराम आणि पूर्णविराम वापरलेच. कँडी पुढेही सरकारचे मराठी भाषांतरकार म्हणून काम करत राहिले. १८७३ साली, जवळजवळ सत्तरीत, त्यांच्या इंग्रजी-मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वरला त्यांचे निधन झाले. हिंदुस्थानात आल्याला तेव्हा पंचावन्न वर्षे होत आली होती.

आता पुन्हा गुरुग्रामकडे येतो. कँडी यांच्या गोष्टीतून मी धाकट्यासाठी तीन गोष्टी घेतल्या.

पहिली, कोशकार पाठ करून कामाला लागत नाही. तो आधी शब्द नीट पाहतो. म्हणून वीस वेळा लिहिणे बंद केले. रोज फक्त पाच शब्द. शब्द पाहायचा, मोठ्याने अक्षरे म्हणायची, हाताने झाकायचा, न बघता लिहायचा आणि मग हात काढून स्वतःच तपासायचा. चूक त्याने शोधायची, मी नाही. सगळा शब्द चुकलेला नसतो, एखादे अक्षर चुकलेले असते. त्या एका अक्षराखाली रेघ मारायची. स्कूलमध्ये एस बरोबर, शेवटचा एल बरोबर, फक्त मधला भाग पाहायचा. शून्य मार्क मिळालेल्या शब्दातही निम्मी अक्षरे बरोबर आहेत हे पाहून त्याला फार बरे वाटले.

दुसरी, कोशकार शब्दाची पूर्वपीठिका विचारतो. मी धाकट्याला सांगितले की नाइफमधला के उगाच बसलेला नाही. फार पूर्वी इंग्लंडमधली माणसे तो उच्चारत असत. नाइटमधल्या जी-एचचाही घशातून आवाज काढत असत. १४७६ साली कॅक्स्टन नावाच्या माणसाने इंग्लंडमध्ये छापखाना आणला. छापलेली अक्षरे हळूहळू पक्की होत गेली आणि बोलणे बदलत राहिले. आवाज गेला, अक्षर राहिले. निवृत्त झालेल्या जवानाचे नाव रेजिमेंटच्या पाटीवर राहते तसे. धाकट्याने लगेच अशा शब्दांना पेन्शनवाले शब्द असे नाव दिले. नाइफ, नी, राइट, लिसन हे सगळे पेन्शनवाले. ज्या शब्दांची जात एक, ते एका ओळीत लिहायचे. लाइट, नाइट, राइट, फाइट ही एक सेक्शन. त्यातला एक आला की बाकीचे आपोआप येतात. वेन्स्डे लिहिताना मनात वेड-नेस-डे म्हणायचे आणि तोंडाने वेन्स्डे. ही युक्ती त्याला इतकी आवडली की तो आईशीही वेड-नेस-डे बोलू लागला आणि ते सोडवायला आणखी दोन दिवस गेले.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कामाची ठरली. त्याने स्वतःचा कोश करायचा. शंभर पानी वही घेतली, तिच्या कडेला ए ते झेडचे खाच पाडले. दिवसभरात जो शब्द अडेल तो त्याने त्या अक्षराच्या पानावर लिहायचा, समोर मराठीत अर्थ, आणि जमल्यास चित्र. पंडितांचे काम आजोबांकडे. शंका आली की कोशकार आजोबांकडे जाई, दोघे मिळून डिक्शनरी उघडत आणि मगच शब्द वहीत चढे. मी मुद्दाम त्यात लक्ष घातले नाही. वहीवर त्याने माझ्याकडून मेजर असे मराठीत लिहून घेतले आणि पुढे स्वतःचे नाव लिहिले.

स्पेलिंग पाहायला गुरुग्रामसारखे दुसरे गाव नाही. २०१६ साली गुडगावचे गुरुग्राम झाले, पण रस्त्यावर अजून काही पाट्यांवर जुने स्पेलिंग आहे, काहींवर नवे. धाकटा ते मोजत जातो. गुरू द्रोणाचार्य नावाचे मेट्रो स्टेशन आहे, तिथे सी-एच कुठे आणि एकटा सी कुठे हे आम्ही गाडी थांबेपर्यंत शोधतो. पिवळ्या लाइनवरच्या हुडा सिटी सेंटर स्टेशनचे नाव २०२३ साली मिलेनियम सिटी सेंटर झाले. मिलेनियममध्ये एल दोन आणि एनही दोन. पुष्कळ मोठी माणसे त्यातला एक एन खातात. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही त्या स्टेशनवर उतरलो तेव्हा धाकटा पाटीखाली उभा राहिला, डोळे मिटून अक्षरे म्हणाला, मग डोळे उघडून तपासली आणि माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मला कुठल्याही मेडलपेक्षा मोठे वाटले, कारण गच्चीवर फेऱ्या मारताना त्याने नेमके तेच बंद केले होते.

त्याला दहापैकी दहा मिळाले असे मी लिहिले तर ते खोटे होईल. मी निघण्याआधीच्या सोमवारी त्याला सात मिळाले. पण सोमवारी पोटात दुखणे बंद झाले आहे, आणि वही कूलरखाली जात नाही. जी वही जाते ती आजोबांच्या मांडीवर.

ज्युनिअर कॅडेटना शिकवण्याची पाळी आपल्यावर रोज येते. ड्रिलमध्ये वीस वेळा तेच केल्याने पाऊल बसते, हे मी सहा वर्षे अनुभवले आहे. पण उस्तादसुद्धा वीस वेळा करून घेण्याआधी पाऊल कुठे चुकते ते थांबून पाहतात, हे मी विसरलो होतो. मेजर कँडी यांच्या हाताखालून जे हजारो शब्द गेले, त्यातल्या प्रत्येकाजवळ ते असेच थांबले असतील.

जुलैमध्ये मला शाळेत घरून पत्र आले. आईच्या पत्रामागे धाकट्याने इंग्रजीत एक ओळ लिहिली होती, दादाने लवकर यावे अशी. कममधला मुका ई त्याने बरोबर लिहिला होता. सून मात्र एस-यू-एन लिहून तिथे सूर्य केला होता. मी त्याखाली लाल रेघ मारली नाही. पत्र लॉकरमध्ये ठेवले आहे. दिवाळीला घरी गेलो की आम्ही दोघे तो शब्द त्याच्या कोशात एसच्या पानावर चढवू.